तळ्यासाठी पैसा येतो, पण दरवर्षी येतो का?

गेल्या अंकात मी निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या पाण्यावर लिहिलं होतं. त्यात जाता जाता एक वाक्य होतं, की मोठं तळं सांभाळायला पैसा कसा उभा करायचा हे शिकायचं असेल तर अमेरिका आणि कॅनडाच्या मधल्या पाच मोठ्या सरोवरांकडं, म्हणजे ग्रेट लेक्सकडं बघा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं, ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. नावं नकोत असं बऱ्याच जणांनी कळवलं म्हणून फक्त गावं दिलीत.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत क्लीव्हलँडला असते. तिच्याकडं गेले होते तेव्हा तिनं लेक ईरी दाखवलं, पलीकडचा काठ दिसतच नाही, मला तर समुद्रच वाटला. लोक पोहत होते, पोरं वाळूत खेळत होती. ती म्हणाली, आई, इथली नदी एकदा पेटली होती. पाणी कसं पेटेल? आणि मग हे सगळं साफ कुणी केलं, पैसे कुणी दिले? मी रोज सकाळी रामकुंडावर जाते, तिथलं पाणी बघते म्हणून विचारते. – पंचवटी

उत्तर : ताई, लेकीनं सांगितलं ते अगदी खरंय. नदीचं नाव कायाहोगा, क्लीव्हलँडमधून वाहत जाऊन ती लेक ईरीला मिळते. पोलादाचे, रंगाचे, तेलाचे कारखाने काठावरच, आणि कित्येक पिढ्या सगळ्यांनी आपापला तेलकट मळ तिच्यातच सोडला, त्यामुळं पाण्यावर तेलाचा आणि अडकलेल्या लाकडांचा थर साचायचा आणि कुठून ठिणगी पडली की तो थरच पेटायचा. २२ जून १९६९ ला पेटली ती आग अर्ध्या तासाच्या आत विझलीसुद्धा. गावाला त्याचं फार नवल वाटलं नाही, कारण १८६८ पासून ती दहा-बारा वेळा पेटून झाली होती आणि १९५२ ची आग तर हिच्यापेक्षा कितीतरी मोठी होती. पण यावेळी तिथले महापौर कार्ल स्टोक्स दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना घेऊन नदीवर गेले, हे बघा काय चाललंय म्हणाले, आणि ती बातमी देशभर गेली.

आगीची गोष्ट सगळे सांगतात. मला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. नोव्हेंबर १९६८ मध्ये क्लीव्हलँडच्या लोकांनी मतदान करून नदी साफ करायला १० कोटी डॉलरचे कर्जरोखे काढायला मंजुरी दिली होती. म्हणजे आग लागायच्या आधीच, दिल्लीकडं बघावं तसं वॉशिंग्टनकडं बघत न बसता, गावानं स्वतःच्या डोक्यावर कर्ज घेतलं होतं. माझ्या मते सगळ्याची सुरुवात तिथं आहे.

मग केंद्राचा पैसा आला. १९७० मध्ये पर्यावरणाचं वेगळं खातं झालं, १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा झाला आणि त्या कायद्यात गावोगावच्या मलजल केंद्रांच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या) खर्चातला ७५ टक्के वाटा केंद्रानं उचलला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेचे निक्सन आणि कॅनडाचे ट्रूडो (२०२५ पर्यंत पंतप्रधान असलेल्या जस्टिन ट्रूडो यांचे वडील) यांनी पाची सरोवरांच्या पाण्याच्या दर्जाचा करार केला. लेक ईरी तेव्हा मेलेलं तळं म्हणूनच ओळखलं जायचं, कपडे धुण्याच्या पावडरीतला फॉस्फेट गटारातून तळ्यात जायचा आणि त्यावर शेवाळ माजायचं. म्हणून एकीकडं पावडरीतला फॉस्फेट कमी करायला लावला आणि दुसरीकडं मलजल केंद्रं सुधारली, आणि वर्षाला ११ हजार टनांच्या वर फॉस्फरस तळ्यात जायला नको अशी जी रेघ आखली होती ती १९८० च्या दशकात गाठलीसुद्धा. ईरीला एक गोष्ट सोयीची होती, ते पाचातलं सगळ्यात उथळ, त्याचं पाणी अडीच-तीन वर्षांत बदलून जातं. लेक सुपीरियरचं पाणी बदलायला १९० वर्षांच्या आसपास लागतात, तिथं एकदा घाण गेली की नातवंडांच्या नातवंडांपर्यंत.

१९८७ नंतर त्यांनी अनुदानाची पद्धत बदलली. फिरता निधी केला, म्हणजे केंद्र राज्याला रक्कम देतं, राज्य गावाला कमी व्याजानं कर्ज देतं, गाव पाणीपट्टीतून ते फेडतं आणि फेडलेला पैसा पुढच्या गावाला मिळतो. आपल्या बचत गटातल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको, अगदी तसंच.

कायाहोगातले मासे खायला हरकत नाही असं सरकारनं जाहीर केलं ते २०१९ मध्ये. आगीनंतर बरोबर ५० वर्षांनी. रामकुंडाचं विचारलंत ना, तर तिथल्या पाण्याचा दर्जा रामकुंडावर ठरत नाही ताई, तो वरच्या अंगाला आनंदवली, सोमेश्वर या बाजूच्या नाल्यांत ठरतो, आणि रोज ठरतो. घाट धुऊन पुसून पाणी सुधारत नाही.

प्रश्न : मी सरकारी लेखा विभागातून निवृत्त झालोय. तुम्ही लिहिता की तिकडं पैसा आला म्हणून काम झालं. पैसा आपल्याकडंही येतो, सिंहस्थात तर येतोच येतो. मग फरक नेमका कुठं पडतो? आणि तिकडं सरकार बदललं की काय होतं? – नाशिकरोड

उत्तर : काका, तुम्ही हिशेबातले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं एक यादी केली. पाची सरोवरांच्या काठावरच्या सगळ्यात खराब जागा, बंदरं, नद्यांची मुखं, खाड्या, अशा ४३ जागा नावानिशी ठरवल्या. २६ अमेरिकेतल्या, १२ कॅनडातल्या आणि ५ दोघांच्या सामाईक. नुसती नावं नाही, तर खराब म्हणजे काय याच्या १४ कसोट्या लिहिल्या. मासे खाता येतात का, पोहता येतं का, पिण्याच्या पाण्याला वास येतो का, तळाचा गाळ काढला तर तो टाकायला बंधन आहे का, पक्ष्यांच्या पिल्लांत व्यंग दिसतं का, अशा. ज्या जागेला ज्या कसोट्या लागू त्या सगळ्या सुटल्या की जागा यादीतून बाहेर.

इतकी चांगली यादी. आणि पुढच्या २३ वर्षांत काय झालं तर २०१० च्या आधी अमेरिकेच्या बाजूची एकच जागा यादीतून बाहेर पडली, न्यूयॉर्क राज्यातली ऑस्वेगो नदी, २००६ मध्ये. कॅनडाच्या दोन पडल्या. यादी होती, आराखडे होते, बैठका होत होत्या, पण तळाचा विषारी गाळ उपसायचा म्हणजे प्रचंड खर्च आणि त्यासाठी दरवर्षी ठरलेला पैसा कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता.

पहिला बदल झाला २००२ मध्ये, खास गाळ काढण्यासाठी कायदा झाला आणि त्यात अट घातली की किमान ३५ टक्के खर्च राज्यानं, गावानं किंवा जबाबदार कंपनीनं द्यायचा. मग २०१० मध्ये ग्रेट लेक्स पुनरुज्जीवन निधी सुरू झाला, पहिल्या वर्षी ४७.५ कोटी डॉलर आणि नंतर दरवर्षी साधारण ३० कोटी डॉलर. आजच्या भावानं अडीच हजार कोटी रुपयांच्या आसपास, दरवर्षी, आणि अलीकडं तो ३५ कोटींच्या पुढं गेलाय. २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात वर आणखी १०० कोटी डॉलर मिळाले ते वेगळे. पैसा वाटायचं काम पर्यावरण खात्याकडं, पण मासे, वनं, शेती, बंदरं अशी बाकीची खातीही त्याच एका पाच वर्षांच्या आराखड्यावर चालतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मी स्वतः आपल्याकडं एका कार्यालयात विचारायला गेलो होतो की नदीतल्या पानवेली नेमक्या कुणी काढायच्या, त्यांनी दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, तिथून तिसऱ्या, आणि तिसऱ्यानं पुन्हा पहिल्याकडं. कुणी उर्मटपणे बोललं नाही, चहासुद्धा दिला, पण तो विषय ज्याच्या टेबलावरचा असा माणूसच सापडला नाही.

या निधीनंतर वेग बदलला. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातली प्रेस्क आइल खाडी यादीतून बाहेर आली, २०१४ मध्ये मिशिगनमधली दोन तळी, आणि पुढं एकेक करत आणखी. क्लीव्हलँडच्या पूर्वेला अ‍ॅश्टब्युला नावाची नदी आहे (पंचवटीच्या ताई, लेकीला सांगा, जवळच आहे, बघून या). तिथला दूषित गाळ २००६-०७ मध्ये उपसला आणि ती यादीतून बाहेर पडली २०२१ मध्ये. गाळ गेल्यावरही चौदा वर्षं. मधल्या काळात काठाची झाडं, माशांच्या जागा, पुन्हा पुन्हा तपासणी. एवढा धीर पैशाला लागतो, एका निविदेत तो मावत नाही.

आता सरकार बदललं की काय, तुमचा दुसरा प्रश्न. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारनं पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात हा निधी शून्य करायचा प्रस्ताव ठेवला. त्याच्या पुढची दोन वर्षं ९० टक्के कपात सुचवली. पण संसदेनं तिन्ही वेळा पैसे दिलेच, कारण काठावरच्या आठ राज्यांतले दोन्ही पक्षांचे खासदार एक झाले, बंदरवाले, मासेमार, हॉटेलवाले, महापौर सगळे त्यांच्या मागं उभे. शेवटी मार्च २०१९ मध्ये मिशिगनच्या सभेत ट्रम्प यांनीच पूर्ण निधी देऊ असं सांगितलं. मिशिगन विद्यापीठाच्या नेतृत्वाखालचा एक अभ्यासही २०१८ मध्ये आला होता, की या निधीतल्या प्रत्येक डॉलरमागं पुढच्या काळात त्या भागात ३.३५ डॉलरची जादा उलाढाल होते. खासदाराच्या हातात असा आकडा असला की बोलायला बळ येतं.

आणि आता सिंहस्थ. २००३, २०१५, आता २०२७. बारा वर्षांनी एकदा मोठा पैसा येतो, घाट होतात, रस्ते होतात, मलजल केंद्रांची कामं निघतात, आणि ती व्हायलाच पाहिजेत, लाखो लोक स्नानाला येणार आहेत. पण शहराचं सांडपाणी बारा वर्षांनी एकदा येत नाही ना, ते रोज पहाटे साडेपाचला सुरू होतं. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, ही केंद्रं बांधायला एकदाच पैसा लागतो, चालवायला रोज लागतो. वीजबिल, पंपांची दुरुस्ती, ऑपरेटरचा पगार, प्रयोगशाळा, गाळाची विल्हेवाट. तुम्ही लेख्यातले म्हणून विचारतो काका, भांडवली खर्चाच्या उद्घाटनाचे फोटो आपण सगळ्यांनी बघितलेत, देखभालीच्या लेखाशीर्षात यंदा किती पडले हे कुणी कुणाला विचारताना ऐकलंय का? मला वाटतं फरक इथंच पडतो.

प्रश्न : नमस्कार सर, मी एमपीएससीची तयारी करतेय. नांदूर मध्यमेश्वर रामसर झालं म्हणजे त्याला आंतरराष्ट्रीय फंड मिळतो का? क्लासमध्ये दोन वेगवेगळी उत्तरं मिळाली. – कॉलेज रोड

उत्तर : नाही, रामसरचा दर्जा म्हणजे अनुदान नव्हे. १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर गावी करार झाला, भारत त्यात १९८२ मध्ये आला, आणि या यादीत नाव घालणं म्हणजे आपल्याच सरकारनं जगाला दिलेला शब्द असतो की ही पाणथळ जागा आम्ही सांभाळू. पैसा आपलाच. तो केंद्राच्या जलीय परिसंस्था संवर्धन योजनेतून येऊ शकतो. तळ्यांची आणि पाणथळांची अशा दोन जुन्या योजना २०१३ मध्ये एकत्र करून ही झाली, आणि त्यात महाराष्ट्रासारख्या राज्याला केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४० टक्के असा हिस्सा आहे. राज्यानं प्रस्ताव आणि आराखडा पाठवला तर. आपोआप खात्यात जमा होत नाहीत.

परीक्षेसाठी एवढं लक्षात ठेव : नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य १९८६ चं, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या ब्रिटिश काळातल्या बंधाऱ्यामुळं तयार झालेलं, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, क्षेत्र १,४३७ हेक्टर. नंतर लोणार आणि मग ठाण्याची खाडी. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार अशा जागेत भराव घालणं, अतिक्रमण, कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं याला बंदी आहे.

परीक्षेत विचारणार नाहीत पण तुला माहिती असावं असं एक. नांदूर मध्यमेश्वरला आपण प्रेमानं महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतो. खरं भरतपूर, म्हणजे राजस्थानातलं केवलादेव पक्षी उद्यान, रामसरच्या धोक्यातल्या जागांच्या यादीत आहे, त्या यादीला माँत्रो नोंद म्हणतात, १९९० पासून. मणिपूरचं लोकटाक १९९३ पासून. म्हणजे दर्जा आहे पण तब्येत बरी नाही. आणि त्या यादीतून बाहेर आलेलं आपलं एक उदाहरण आहे, ओडिशाचं चिलिका. चिलिकाचं पाणी निमखारं, आपलं गोडं, त्यामुळं उपाय तसेच्या तसे उचलता येणार नाहीत, पण कारभार बघण्यासारखा आहे. १९९१ मध्ये त्या एका तळ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण केलं, १९९३ मध्ये ते धोक्याच्या यादीत गेलं, गाळानं समुद्राचं तोंड बुजत चाललं होतं म्हणून २००० मध्ये नवीन तोंड उघडलं, मासळी परत आली आणि २००२ मध्ये यादीतून नाव निघालं. नांदूर मध्यमेश्वरला पाणी जलसंपदा खात्याचं, पक्षी वन्यजीव विभागाचे, सांडपाणी महापालिकेचं आणि ग्रामपंचायतींचं, तपासणी प्रदूषण मंडळाची. या सगळ्यांना एका टेबलावर बसवणारं, स्वतःचं बजेट असलेलं एक ऑफिस पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तू अधिकारी झालीस की हे आठव.

प्रश्न : आमची चांदोरीजवळ द्राक्षबाग आहे. तळं खराब झालं की बोट शेतकऱ्याकडं दाखवतात. शहराची घाण आम्ही सोसायची, पुरात पानवेली आमच्या शेतात येणार, वर खतं कमी टाका हे पण आम्हालाच. तुमच्या अमेरिकेत शेतकऱ्याचं काय करतात ते लिहा. – ता. निफाड

उत्तर : दादा, तुमचा राग रास्त आहे. सायखेड्याच्या पुलाला पावसाळ्यात अडकलेल्या पानवेलींचे ढीग मी बघितलेत. त्यांचं खाद्य म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस, आणि त्यातला मोठा वाटा शहराच्या सांडपाण्यातून येतो हे सरळ आहे. पण सगळा तिथूनच येतो असं मी म्हणणार नाही, आणि तिकडची गोष्ट ऐकली तर का म्हणणार नाही ते कळेल.

वर सांगितलं ना की लेक ईरी १९८० च्या दशकात सुधारलं. ते पुन्हा बिघडलं. यावेळी गटारातून नाही, शेतातून. मॉमी नावाची नदी मका-सोयाबीनच्या सपाट काळ्या रानातून येते आणि टोलेडो शहरापाशी तळ्याला मिळते. शेतांखाली निचऱ्याचे पाइप टाकलेले, वसंतात जोराचा पाऊस झाला की विरघळलेला फॉस्फरस सरळ पाइपातून नदीत. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडोच्या पाणीपुरवठ्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष सापडलं आणि चार-पाच लाख लोकांना तीन दिवस सांगितलं की नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनसुद्धा नाही, कारण उकळल्यावर विष आणखी दाट होतं. तळ्याच्या काठावरचं शहर, जगातल्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा पाचवा हिस्सा ज्या सरोवरांत आहे त्यांच्या काठावरचं, आणि दुकानात बाटल्यांसाठी रांगा.

मग दोन्ही देशांनी ठरवलं की ईरीत जाणारा फॉस्फरस २००८ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी कमी करायचा. आणि ओहायो राज्यानं २०१९ मध्ये एक योजना काढली, त्यात शेतकऱ्याला एकरी पैसे मिळतात : माती तपासून खताचा आराखडा केला तर, खत वरून फेकायच्या ऐवजी मातीत गाडून दिलं तर, मधल्या हंगामात जमीन झाकणारं पीक घेतलं तर, ओढ्याकाठी पाणथळ पट्टा सोडला तर. सक्ती नाही. यावरच तिथं वाद चालू आहे, कारण कारखान्याच्या पाइपाला परवाना लागतो, शेताच्या पाइपाला लागत नाही, आणि उन्हाळ्यात शेवाळ अजूनही येतंच. माझं मत, पैसे देऊन वागणूक बदलवायची ही वाट बरोबर आहे, पण पैशाबरोबर मोजमापही पाहिजे, कुठल्या ओढ्यातून किती आलं ते मोजल्याशिवाय पुढचा हप्ता नको.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ऑक्टोबर छाटणीच्या आधी माती परीक्षण करा, पानदेठ परीक्षण तर बरेच बागायतदार करतातच, बेसल डोस (सुरुवातीचं खत) त्याप्रमाणं द्या, पैसेही वाचतील. आणि बागेचा जो चर सरळ नदीकडं जातो त्याच्या तोंडाशी गवताची पट्टी राहू द्या. पण हे शहराच्या बदल्यात नाही, शहराबरोबर. तुमच्या गावानं एकत्र येऊन महापालिकेच्या सांडपाण्याचे महिन्याचे रिपोर्ट मागितले तर त्यात गैर काहीच नाही, खालच्या अंगाला राहणाऱ्याचा तो हक्क आहे.

प्रश्न : जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की दरवर्षी भांडणं. त्या आठ राज्यांत आणि दोन देशांत भांडणं होत नाहीत का? – सिन्नर

उत्तर : होतात की. १९९८ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं एका कंपनीला लेक सुपीरियरचं पाणी टँकर जहाजांनी आशियात न्यायची परवानगी दिली, एवढा गदारोळ झाला की ती मागं घ्यावी लागली. त्या धक्क्यातून आठ राज्यांचा करार तयार झाला, तो ८ डिसेंबर २००८ पासून कायदा आहे. नियम सोपा : पाणी खोऱ्याबाहेर न्यायचं नाही. अपवाद फार थोडे. विस्कॉन्सिनमधलं वॉकेशा नावाचं गाव खोऱ्याच्या अगदी रेषेबाहेर, त्यांच्या भूजलात रेडियम, त्यांनी कित्येक वर्षं अर्ज केला, २०१६ मध्ये आठही राज्यांच्या मतानं मंजुरी मिळाली आणि २०२३ मध्ये लेक मिशिगनचं पाणी सुरू झालं, अट ही की वापरलेलं पाणी शुद्ध करून परत खोऱ्यात सोडायचं.

आपल्याकडं २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे, समन्यायी वाटपाचं सूत्र आहे, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून सोडायचं हे ठरलंय. पण आपण फक्त किती सोडलं यावर भांडतो. कसं सोडलं यावर नाही. नाशिक गंगापूर, दारणा, मुकणेचं स्वच्छ पाणी घेतं आणि वापरून झालं की नदीला परत देतं, तेच पाणी नांदूर मध्यमेश्वरला, तिथून कालव्यांनी कोपरगाव, वैजापूरला आणि नदीनं पैठणला. वॉकेशाची अट आपल्याला लावली तर?

प्रश्न : मी एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, दर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या काठी चापडगावला पक्षी बघायला जाते. यावर्षी मनोऱ्यावरून बघताना वाटलं पाण्यापेक्षा गाळाची बेटंच जास्त झालीत. मी एकटी काय करू शकते? – सातपूर

उत्तर : अगं, तू बघितलंस ते खरंय, शंभरेक वर्षांचा गाळ आहे तो, आणि गंमत अशी की थोडी उथळ बेटं करकोच्यांना आणि चमच्यांना हवीच असतात, त्यामुळं सरसकट उपसा असं कुणी म्हणालं तर तू विरोध कर. कुठला गाळ काढायचा आणि कुठला ठेवायचा हे आधी ठरवायला लागतं.

एकटीनं करायचं काम आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर पंधरा दिवसांनी त्याच एका जागी उभी राहून त्याच वेळेला फोटो काढ, पानवेली कुठवर आल्या, पाण्याचा रंग कसा, थापट्या आणि चक्रवाक किती, तारीख घालून वहीत लिही. तीन वर्षं. कॉलेजच्या लॅबमध्ये विरघळलेला ऑक्सिजन तपासता येतो, बाईंना विचार, त्या नाही म्हणणार नाहीत. त्या ४३ जागांच्या यादीतल्या कसोट्याही अशाच साध्या प्रश्नांतून आल्यात, मासा खाता येतो का, पोहता येतं का. तुझ्या वहीत नांदूर मध्यमेश्वरच्या अशा पाच-सहा कसोट्या लिहून काढ. मग फेब्रुवारीत महापालिकेचं अंदाजपत्रक येतं, नगरसेवकाकडं जाताना ती वही बरोबर ने आणि मलजल केंद्रांच्या देखभालीला यंदा किती ठेवलेत तेवढंच विचार. उत्तर काय मिळालं ते मला कळव, पुढच्या अंकात छापतो.